बॅटरी फुल झाल्यावर आरव्हीतली सौर वीज जाते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे आकडे आरव्हीतल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या, १२ व्होल्टच्या सिस्टिमचे आहेत. तुमची २४ व्होल्टची असेल तर बॅटरीचं व्होल्टेज दुप्पट धरा. लिथियम म्हटलंय तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट समजायचं. आरव्हीत बहुतेक तीच असते.

बॅटरी फुल झाली, ऊन अजून कडक आहे. पॅनलची वीज जाते कुठे?

कुठेच जात नाही, कारण ती तयारच होत नाही. पॅनल वीज ढकलत नाही. समोरून जेवढी ओढली जाईल तेवढीच देतं. १०० वॅटचं साधं पॅनल पूर्ण उन्हात साधारण १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देतं. त्याच्या वायरी सोडवून नुसता मल्टिमीटर लावा. व्होल्टेज २२ च्या आसपास चढलेलं दिसेल, पण प्रवाह शून्य. व्होल्टेज कितीही असलं तरी शून्याने गुणलं की वॅटही शून्यच. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बॅटरी भरल्यावर पॅनलला याच अवस्थेकडे सरकवतो.

उरतो प्रश्न उन्हातल्या ऊर्जेचा. ती उष्णता होऊन पॅनलमध्येच राहते. चांगलं पॅनल पडलेल्या उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करतं, बाकीच्याची एरवीही उष्णताच होते. वीज ओढली नाही की तो पाचवा हिस्साही उष्णतेत जातो आणि पॅनल काही अंश जास्त तापतं. त्याने पॅनलचं नुकसान होत नाही.

म्हणजे कंट्रोलर जादा वीज जाळून टाकत नाही?

नाही. कंट्रोलरचे मुख्य प्रकार दोन. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनल आणि बॅटरी यांच्यातला स्विच सेकंदाला अनेकदा उघड-बंद करतो आणि बॅटरी भरत आली की स्विच जास्त वेळ उघडा ठेवतो. एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला सर्वाधिक वॅटच्या बिंदूवरून मुद्दाम बाजूला नेतो. दोन्हींत जाळणं कुठेच नाही. हाताला कळेल असा पुरावा हवा असेल तर कंट्रोलरच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना हात लावून बघा. सकाळी अकराला, जोरात चार्जिंग चालू असताना, त्या चांगल्याच गरम लागतात. दुपारी तीनला, बॅटरी फ्लोटवर (भरून नुसती टिकवून धरलेली) असताना, कोमट.

काही जुने शंट पद्धतीचे कंट्रोलर पॅनलच्या दोन वायरी आपसांत जोडतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण त्या १०० वॅटच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट प्रवाह ६ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे नेहमीपेक्षा थोडाच जास्त. पॅनल ते सहज सोसतं.

मग पवनचक्कीला डम्प लोड लागतो, तसा सोलरला का नाही?

पवनचक्कीवरचा भार काढला तर पाती बेफाम फिरतात आणि यंत्र मोडतं, म्हणून तिला वीज खपवायला हीटर, म्हणजेच डम्प लोड, द्यावाच लागतो. पॅनलमध्ये फिरणारं काही नाही. पवनचक्कीचा डम्प लोड कंट्रोलर सोलरला लावून देणारे लोक भेटतात. तो खर्च करू नका.

बॅटरी फुल झाली की पॅनलवर कापड टाकावं का? कनेक्शन काढावं का?

दोन्हींची गरज नाही. दुरुस्तीसाठी काढायचंच असेल तर क्रम पाळा: आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनल. बॅटरीशिवाय पॅनल कंट्रोलरला जोडलेलं राहिलं तर आउटपुटचं व्होल्टेज उसळू शकतं आणि कंट्रोलर किंवा त्यावर चालणारे दिवे, पंपाचं सर्किट उडू शकतं. आणखी एक: छतावरचे एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे) प्रवाह चालू असताना ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती कनेक्टरच्या पिना वितळवते. पॅनलच्या लाइनीत डीसी ब्रेकर असेल तर आधी तो पाडा. नसेल तर खरंच पॅनल झाकून मग कनेक्टर काढा. कापडाचा उपयोग एवढाच.

भर दुपारी ४०० वॅटचं पॅनल फक्त ४० वॅट दाखवतंय. बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही, आणि या गैरसमजापोटी चांगली पॅनल बदलली जातात. आधी कंट्रोलर कुठल्या टप्प्यात आहे ते बघा. बल्क म्हणजे बॅटरी मिळेल ते सगळं घेतेय. ॲब्सॉर्प्शन म्हणजे व्होल्टेज वरच्या मर्यादेला धरलंय आणि प्रवाह हळूहळू उतरतोय. फ्लोट म्हणजे भरलेली बॅटरी फक्त टिकवून धरलीय. फ्लोटमध्ये दिसणारे ४० वॅट ही गाडीत त्या क्षणी चाललेल्या वस्तूंची गरज आहे, पॅनलची ताकद नाही.

ताकद मोजायची तर भार टाका. इन्व्हर्टरवर १००० वॅटची किटली लावा आणि कंट्रोलरच्या आकड्याकडे बघत राहा. दहा-वीस सेकंदांत तो ४० वरून २८० ते ३२० पर्यंत चढला तर पॅनल उत्तम आहे. गाडीच्या छतावर पॅनल आडवं आणि गरम असतं, त्यामुळे ४०० वॅटच्या पॅनलकडून पूर्ण ४०० ची अपेक्षा ठेवू नका. भार टाकूनही आकडा ४० वरच राहिला तर दोष शोधा: सावली, छतावरचा सैल कनेक्टर, पॅनलच्या बाजूचा उडालेला फ्यूज.

फ्लोटमध्ये असताना पंखा-फ्रिज लावला तर वीज बॅटरीतून जाते की पॅनलमधून?

पॅनलमधून. कंट्रोलरचं काम व्होल्टेज धरून ठेवणं. फ्रिज चालू होऊन ४ अँपिअर ओढायला लागला की व्होल्टेज किंचित खाली यायला बघतं, कंट्रोलर लगेच पॅनलकडून तेवढे ४ अँपिअर जास्त घेतो. बॅटरीच्या शंटवर, म्हणजे बॅटरीत जाणारा-येणारा प्रवाह मोजणाऱ्या पट्टीवर, आकडा शून्याजवळच राहतो. पॅनल देऊ शकतं त्याहून भार मोठा असेल तरच वरचा फरक बॅटरीतून येतो. जादा विजेचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे: फ्लोट लागल्यापासून ऊन उतरेपर्यंत पॅनलच्या ताकदीइतका भार बॅटरीला न दमवता चालतो.

रोज किती वीज वापराविना राहते ते कसं मोजायचं?

कंट्रोलरचा 'आजचं उत्पादन' हा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण तो मिळालेली वीज सांगतो, मिळू शकली असती ती नाही. ऊन वाढूनही तो आकडा कमी दिसला तर समजा बॅटरी लवकर भरली.

ढोबळ हिशोब असा: पॅनलचे वॅट × त्या दिवसाचे पूर्ण उन्हाचे तास × ०.७५. ४०० वॅट आणि ५ तास धरले तर १५०० वॅट-तास. कंट्रोलरने ९०० दाखवले असतील तर ६०० च्या आसपास वापराविना राहिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे तास धरू नका. पूर्ण उन्हाचे तास म्हणजे दिवसभराच्या उन्हाची बेरीज दुपारच्या कडक उन्हाच्या मापात. याहून सोपी खूण म्हणजे फ्लोट किती वाजता लागतो ते आठवडाभर लिहून ठेवणं. अकरालाच लागत असेल तर भरपूर शिल्लक आहे. चारला लागत असेल तर शिल्लक नावालाच, तिच्यासाठी वायरिंग करत बसू नका.

ती वापरायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

वेळ बदलण्यापासून. त्याला एकही पार्ट लागत नाही. लॅपटॉप, ड्रिलच्या बॅटऱ्या, फोन, पाण्याचा पंप, स्वयंपाकाचं विजेचं भांडं हे सगळं फ्लोट लागल्यावर चालवा. रात्री लॅपटॉप चार्ज केला की ती वीज बॅटरीतून जाते आणि दुसऱ्या दिवशी पॅनलला ती भरत बसावी लागते.

पुढची पायरी फ्रिज. कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालताना साधारण ४५ ते ६० वॅट घेतो. दुपारी त्याचं तापमान दोन-तीन अंश खाली करा, आत पाण्याच्या बाटल्या ठेवा, फ्रीझरमध्ये बर्फाची पाकिटं गोठवा आणि संध्याकाळी तापमान पुन्हा वर आणा. २ किलो पाणी गोठताना १८५ वॅट-तासांइतकी उष्णता बाहेर काढली जाते, आणि रात्री बर्फ वितळताना तेवढीच तो आतून शोषून घेतो. कॉम्प्रेसर रात्री कमी वेळा लागतो. बॅटरीत वीज साठवण्याचाच हा प्रकार आहे, आणि बॅटरीपेक्षा स्वस्त.

एक गोष्ट उलटी तपासा. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० ते ३० वॅट खातो. २० वॅट धरले तरी २४ तासांत ४८० वॅट-तास होतात. दुपारी शिल्लक आणि पहाटे बॅटरी कमी अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा ती इथेच मिटते.

पाणी तापवण्यासाठी जादा वीज वापरता येते का? नेमकं काय लागतं?

येते, आणि मोठी शिल्लक असेल तर हाच सर्वांत चांगला उपयोग. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. २० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचं तर साधारण ८१५ वॅट-तास. वरच्या उदाहरणातल्या ६०० मध्ये तेच पाणी ५० अंशांपर्यंत जाईल, आंघोळीला पुरेल.

१२ व्होल्टचा एलिमेंट (टाकीतलं पाणी तापवणारा हीटर) घेताना एक बारकावा हमखास सुटतो. '३०० वॅट' हे रेटिंग १२ व्होल्टला दिलेलं असेल, तर १३.५ व्होल्टला तोच एलिमेंट जवळपास ३८० वॅट घेतो, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. प्रवाह होतो २८ अँपिअर. त्या हिशोबाने:

- बॅटरीपासून टाकी ३ मीटरवर असेल तर १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ६ ची वापरली तर जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट वायरीतच जातो.
- ३५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून शक्य तितका जवळ.
- ७० अँपिअरचा गाडीतला रिले, म्हणजे आपल्या कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. ४० चा रिले कागदावर चालतो, पण तासन्तास २८ अँपिअर वाहिले की त्याचा सॉकेट पिवळा पडून पिना सैल होतात. कॉइलवर उलट्या दिशेने एक १एन४००७ डायोड लावा, म्हणजे रिले सुटताना उठणारा झटका कंट्रोलरपर्यंत पोहोचत नाही.
- टाकीला थर्मोस्टॅट आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, दोन्ही. यात तडजोड नको.

थर्मोस्टॅटबद्दल जरा थांबून सांगायला हवं. घरगुती गीझरचा थर्मोस्टॅट एसीसाठी बनलेला असतो. त्यातून २८ अँपिअर डीसी नेला तर प्रत्येक वेळी उघडताना त्याच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी टिकून राहते आणि शेवटी ते एकमेकांना चिकटतात. चिकटलेला थर्मोस्टॅट पाणी उकळेपर्यंत हीटर बंद करत नाही. म्हणून थर्मोस्टॅट फक्त रिलेच्या कॉइलच्या वायरीत ठेवा. तिथे प्रवाह पाव अँपिअरसुद्धा नसतो.

कंट्रोलरच्या 'लोड' टर्मिनलला हीटर थेट जोडू नका. छोट्या कंट्रोलरवर ते टर्मिनल १५-२० अँपिअरचंच असतं. त्यावरून रिलेची कॉइल चालवा, हीटरचा प्रवाह बॅटरीवरून घ्या.

हीटर थेट पॅनलला जोडला तर? मधला कंट्रोलरच नको.

चालतो, पण फार कमी चालतो. १०० वॅटच्या पॅनलला जुळणारा एलिमेंट साधारण ३.३ ओहमचा. पूर्ण उन्हात तो जवळपास १०० वॅट घेतो. ऊन निम्मं झालं की प्रवाह निम्मा होतो, त्याच रोधावर व्होल्टेजही निम्मं होतं आणि पाण्यात जातात २५ वॅट. ढगाळ दिवशी पाणी कोमटही होत नाही. शिवाय ते पॅनल बॅटरीच्या कामातून कायमचं जातं.

हीटर आपोआप चालू-बंद कसा करावा? व्होल्टेजवर की टक्क्यांवर?

लिथियमला टक्क्यांवर. या बॅटरीचं व्होल्टेज ६० ते ९५ टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट असतं, १३.२ ते १३.४ मध्येच खेळतं, त्यामुळे व्होल्टेजवर ठेवलेला रिले भलत्याच वेळी लागतो. शंटवाला बॅटरी मॉनिटर आणि त्याचा रिले घ्या: ९५ टक्क्यांना चालू, ८५ ला बंद.

लेड-ॲसिडला आधी ॲब्सॉर्प्शन पुरा होऊ द्यावा लागतो. १४ व्होल्ट दिसताच हीटर लावला तर बॅटरीचे शेवटचे १५-२० टक्के रोज अर्धवट राहतात, प्लेटवर सल्फेट घट्ट होतं आणि वर्षभरात क्षमता घटलेली दिसते. कंट्रोलर 'फ्लोट' हा संकेत देत असेल तर त्यावर रिले बांधा. देत नसेल तर दुपारी १ ते ३ चा टायमर आणि १३.० व्होल्टला तोडणारं लो-व्होल्टेज कट-ऑफ, असं जोडीने लावा.

दोन्हीकडे चालू आणि बंद यांत अंतर ठेवा आणि दोन-तीन मिनिटांचा विलंब द्या. नाहीतर हीटर लागला की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज चढतं, रिले लागतो; दिवसभर टक-टक आवाज येत राहतो आणि रिले लवकर मरतो.

आणखी एक बॅटरी जोडली तर शिल्लक वाचेल ना?

पहिल्या दिवशी वाचेल. दुसऱ्या दिवशीपासून ती नवी बॅटरीही भरलेलीच असेल आणि शिल्लक पुन्हा तेवढीच. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. ती रोज रिकामी होणार असेल तरच रोज भरेल. ढगाळ दिवस काढायचे असतील किंवा रात्रीचा वापर वाढवायचा असेल तर जरूर घ्या. फक्त वाया जाणाऱ्या उन्हाची हळहळ वाटते म्हणून घेऊ नका.

इंजिनच्या बॅटरीला ही वीज देता येते?

हो, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर द्यावीच. अलार्म, घड्याळ, कंप्युटर मिळून ती बॅटरी हळूहळू उतरवतात. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील तर दुतर्फा चालणारा व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले पुरतो; तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. मागची, म्हणजे पॅनलवर भरणारी, बॅटरी लिथियम असेल तर हा रिले टाळा, कारण तिचं व्होल्टेज नुसत्या पडूनही १३.३ च्या जवळ असतं आणि रिले ऊन नसताना जोडलेलाच राहतो. तिथे इंजिनच्या बॅटरीला थोडं थोडं चार्जिंग देणारा २ ते ५ अँपिअरचा छोटा मेंटेनर लावा.

गाडी बाहेरच्या प्लगला लावली की सोलर शून्य दाखवतं. का?

प्लगवरचा चार्जर बॅटरी १३.६ ला धरून बसलाय आणि सोलरचा फ्लोट १३.५ ला आहे. कंट्रोलरला बॅटरी भरलेलीच दिसते, तो काही देत नाही. पंखे-दिवे प्लगच्या विजेवर चालतात. बॅटरीच्या परवानगीच्या मर्यादेत राहून सोलरचा फ्लोट चार्जरपेक्षा ०.१ ते ०.२ व्होल्ट वर ठेवा. मग उन्हात आधी सोलर भार उचलतं.

उरलेली वीज प्लगमधून ग्रिडला परत पाठवता येईल?

नाही. आरव्हीतला साधा इन्व्हर्टर ग्रिडशी लय जुळवत नाही. त्याचा आउटपुट सॉकेटात घातला तर इन्व्हर्टर जळतो, आणि लाइन बंद समजून काम करणाऱ्या माणसाला झटका बसू शकतो.

रोज पूर्ण भरून फ्लोटवर राहिल्याने बॅटरी लवकर जाते का?

लेड-ॲसिडला पूर्ण भरलेलं राहणंच मानवतं, फक्त तापमानाची काळजी घ्या. २५ अंशांना १३.६ चा फ्लोट असेल तर ४० अंशांना तो १३.२ ते १३.३ वर यायला हवा. कंट्रोलरचा तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला नसेल तर उन्हाळ्यात बॅटरी पाणी पीत राहते. वरून उघडणाऱ्या बॅटरीत महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. चार्जिंगच्या शेवटी तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून कप्प्याची वरची झडप बुजवू नका.

लिथियमचं वेगळं. तिला तापमानाची भरपाई नको, ते सेटिंग बंद करा. ॲब्सॉर्प्शन १४.२ ते १४.४, फ्लोट १३.५. वापरात असताना रोज १०० टक्के चालतात. किंबहुना सेल एका पातळीवर यायला वरच्या टोकाला थोडा वेळ लागतोच, आणि जादा ऊन इथे कामी येतं. पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणा, पॅनलचा ब्रेकर पाडा आणि मुख्य स्विच बंद करा. उष्ण जागी १०० टक्क्यांवर पडून राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

दुपारी दिवे क्षणभर लखलखतात आणि कंट्रोलर एरर दाखवतो. हे जादा विजेमुळे का?

बहुतेक बीएमएसने, म्हणजे लिथियम बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने, चार्जिंग तोडल्यामुळे. एखादा सेल बाकीच्यांच्या पुढे जाऊन ३.६५ व्होल्टला पोहोचला की बीएमएस चार्जिंगचं दार बंद करतं. कंट्रोलरच्या समोरून बॅटरी अचानक नाहीशी होते, व्होल्टेज उसळतं आणि दिवे लखलखतात. ॲब्सॉर्प्शन १४.६ वर असेल तर १४.२ वर आणा आणि काही दिवस तिथे धरू द्या, म्हणजे मागे पडलेले सेल वर येतात. तरीही होत असेल तर बीएमएसच्या ॲपमध्ये प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. एकच सेल दरवेळी पुढे पळत असेल तर त्या बॅटरीची वॉरंटी वापरा. लिथियमला शून्य अंशाखाली चार्जिंग चालत नाही, त्यामुळे थंड सकाळी बीएमएस तोडत असेल तर तो दोष नाही.

थंडीत कंट्रोलर ओव्हरव्होल्टेज दाखवून थांबतो, बॅटरी तर भरलेली आहे. मग कसला ताण?

भरलेली आहे म्हणूनच. भार नसताना पॅनल उघड्या व्होल्टेजवर (काहीच ओढलं जात नसतानाच्या) असतं, आणि थंडीत ते आणखी चढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. २२ व्होल्टची चार पॅनल सिरीजमध्ये म्हणजे २५ अंशांना ८८ व्होल्ट, पण उणे १० ला ९७. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला ते अगदी काठावर आहे, आणि एका पॅनलचं उघडं व्होल्टेज २२ ऐवजी २४ असेल तर काठाच्या पलीकडे. अशा वेळी दोन-दोन पॅनल सिरीजमध्ये घेऊन त्या दोन जोड्या पॅरलल करा. व्होल्टेज निम्मं होईल, वॅट तेवढेच राहतील.